पंधरावी कॅसेट

मुलीनं फोनवर सांगितलं, "पप्पा, आईना कपाटमाईन एकच खोकं लई या. अठे जागा नही." सुरतला तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात तिची माणसं तीन, आता मी चौथा होणार होतो. तेव्हा तिचं म्हणणं रास्तच होतं. माझे कपडे, गोळ्या, पेन्शनची कागदपत्रं वेगळी. खोकं फक्त तिच्या आईच्या कपाटासाठी.

माझी बायको गेली त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. नंदुरबारचं घर बंद करून मी मुलीकडे जायचं, हे दहाव्यालाच ठरलं होतं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही हरकत घेतली नाही. त्या पाच महिन्यांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. पाय अंगाखाली दबून बधिर होतो आणि मग तो आपला आहे की दुसऱ्याचा हेच कळत नाही, तसं. नातेवाईक म्हणाले, साहेब खंबीर आहेत. मी खंबीर वगैरे काही नव्हतो. मी पंचायत समितीत पस्तीस वर्षं कारकुनी केली, शेवटची सहा हेडक्लार्क म्हणून, आणि तिथे माणूस एक गोष्ट पक्की शिकतो. समोर आलेला कागद वाचायचा, त्यावर सही करायची, पुढचा घ्यायचा. बायकोचं मरणही मी तसंच हातावेगळं केलं. दाखला, रेशन कार्डातून नाव कमी, बँकेत अर्ज. सगळं तीन आठवड्यांत झालं.

कपाट तेवढं राहिलं होतं. लाकडी, काचेचं, बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या शेजारी. वरच्या खणात सिनेमांच्या सीडींच्या चकत्या, मधल्यात पुस्तकं, खालच्यात एकेकाळी गाण्यांच्या कॅसेटी. हे तिचं. माझं त्यात काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या हयातीत मी ते कपाट कधी नीट उघडून पाहिलंही नव्हतं. दार करकरतं म्हणून एकदा तेल सोडलं होतं, तेवढाच संबंध.

एका दुपारी जेवण झाल्यावर मी वही घेऊन बसलो. यादी केल्याशिवाय मला काही उचलता येत नाही.

वरच्या खणात साठ-सत्तर चकत्या निघाल्या. बऱ्याचशा आठवडे बाजारातल्या हातगाडीवरच्या, पातळ प्लास्टिकच्या पाकिटातल्या, एका चकतीत तीन सिनेमे. पाकिटावर नट एक आणि आत सिनेमा भलत्याचाच. काही अहिराणी विनोदी नाटुकली, ज्यात एक बारीक माणूस लुगडं नेसून धावतो आणि त्याच्यामागे सगळं गाव धावतं. ही तिची लाडकी. मी घरात असलो की आवाज अगदी बारीक करून बघायची, आणि आवाज नसतानाही योग्य जागी हसायची, कारण तिला सगळं पाठ होतं. मी पेपराआडून म्हणायचो, यात हसण्यासारखं काय आहे. ती म्हणायची, "तुम्ही पेपर वाचा ना." मला त्या चकत्यांमधलं काय ठेवावं ते कळेना. एक उचलली, परत ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली.

मग मुलीच्या लग्नाच्या तीन चकत्या हाताला लागल्या. आमचा प्लेअर अजून चालतो, वरून एक चापट मारावी लागते. पहिली चकती लावली. हळदीत बायको होती, पिवळं पातळ, घामेजलेली, कुणाला तरी हातवारे करून काही सांगत होती. बहुतेक मंडपवाल्याला. तोंड भराभर हलत होतं. आवाज मात्र सिनेमातल्या गाण्याचा. शूटिंगवाल्यानं तिन्ही चकत्यांवर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी चढवली होती. आपल्याकडे लग्नाची शूटिंग अशीच करतात, नाहीतर लोक म्हणतात कॅमेरावाल्यानं काम केलं नाही. दुसऱ्या चकतीत पाठवणीच्या वेळी ती मुलीच्या कानात काही सांगते. चांगलं दोन मिनिटं सांगते. वर सनई.

मी मुलीला फोन लावला आणि विचारलं, पाठवणीला आईनं तुझ्या कानात काय सांगितलं होतं. ती म्हणाली, आठवत नाही, तेव्हा नुसती रडत होते. मग म्हणाली, "पप्पा, आईना आवाज आपलाकडे कोठेच नही."

मी म्हणालो, असं कसं, कुठेतरी असेलच.

"कोठेच नही. मी समदं देखं. वाढदिवसना व्हिडिओमा ती नुसती टाळ्या वाजाडी ऱ्हायनी."

बायकोचा फोन शेवटपर्यंत बटणांचाच होता. टचवाला घे म्हटलं तर म्हणायची, त्यावर बोट फिरवत बसायला मला वेळ नाही. त्यामुळे बोलून पाठवलेले निरोप नाहीत, काही नाही. मुलगी म्हणाली, नातीला तिच्या आजीचा आवाज ऐकवायचा होता, ती साडेतीन वर्षांची आहे, आत्ता ऐकवला तर लक्षात राहील. मग तिला कुकर बघायचा होता, तिनं फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर मी बायकोचा आवाज आठवून बघितला. आला नाही. तिचे शब्द आठवत होते. "तुम्ही पेपर वाचा ना" हे शब्द होते, पण ते माझ्याच आवाजात ऐकू येत होते. इतकी वर्षं एका घरात काढलेल्या बाईचा आवाज पाच महिन्यांत जातो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तरी मला काही वाटलं नाही. मी वहीत लिहिलं, लग्नाच्या चकत्या तीन, ठेवणे.

पुस्तकांच्या खणाकडे वळलो. एक पाककृतींचं, हळदीच्या बोटांनी पिवळं झालेलं. व्रतांच्या दोन पोथ्या. दिवाळी अंकांचा गठ्ठा सुतळीनं बांधलेला. अक्कलकुव्याच्या वाचनालयाचा शिक्का असलेली दोन पुस्तकं, जी आमची बदली झाली तेव्हा परत करायची राहून गेली, आणि ज्यांच्यावरून मी तिला वर्षानुवर्षं चोर म्हणत असे. बाकी सगळ्या खिशात मावणाऱ्या रहस्यकथा, रद्दीतून किलोवर आणलेल्या. ती दहावी झालेली होती. वाचायची मात्र माझ्याहून जास्त. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर तिनं पेन्सिलीनं शेरा मारलेला होता. "बरं आहे." "बाई फार रडते." "शेवट पटला नाही." एका रहस्यकथेची शेवटची पानं गळालेली होती, तर तिनं रेघी कागदावर स्वतःच शेवट लिहून खळीनं चिकटवलेला. मी वाचला. खून हेडक्लार्कनं केलेला निघाला. कारण दिलं नव्हतं.

हे तिनं कधी लिहिलं असेल, मला प्रमोशन मिळाल्यानंतर की आधी, याचा मी बराच वेळ विचार केला. एरवी मला राग आला असता. निदान हसू तरी यायला हवं होतं. मी ते पुस्तक खोक्यात टाकलं.

खालच्या खणात कॅसेटी नव्हत्या. तिथे स्टीलचे डबे होते, एकात एक घातलेले. डब्यांच्या मागे, काचेच्या वाटीत, एक काळा पेनड्राइव्ह होता.

त्या कॅसेटींचं सांगायला हवं.

आम्ही अक्कलकुव्याला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, एक खोली आणि स्वयंपाकघर. मुलगी लहान. आमच्याकडे रेडिओ वेगळा आणि टेप वेगळा होता. बायको रेडिओवर गाणी लागायची वेळ झाली की टेप रेडिओसमोर गोधडीवर ठेवायची आणि बटण दाबायची. कोऱ्या कॅसेटी महाग म्हणून भजनांच्या जुन्या कॅसेटींच्या कडेची भोकं कागदानं बुजवून त्यांच्यावरच भरायची. घरात जे काही वाजायचं ते सगळं त्यात भरलं जायचं. कुकर, कावळे, हायवेवरचे ट्रक. आणि तिची एक सवय होती. कॅसेटवर ती गाण्यांची नावं लिहायची नाही, नुसता नंबर टाकायची. लिहायच्या ऐवजी, गाणं सुरू व्हायच्या आधी निवेदक बोलत असायचा तेव्हा, स्वतःच टेपजवळ तोंड नेऊन सांगायची. कितवी कॅसेट, कोणता वार, आणि मग जे मनात येईल ते. "आज शनवार शे. सकायथीन लाईट नही. भरीत करं, जराखं खारं व्हयनं." पोरीचा दात पडला. खालच्या क्वार्टरमधली बाई माहेरी गेली. एवढं सगळं सांगून झालं की बटण दाबून टेप बंद, आणि गाणं लागलं की पुन्हा चालू.

मला याची चीड होती. मी दमून यायचो, गाणं ऐकायला बसलो की आधी हिचं भरीत ऐका. पुढे नंदुरबारला आलो, टेप बिघडला, भंगारात गेला, तरी त्या बेचाळीस कॅसेटी तिनं त्या खणात नंबरानं लावून ठेवल्या होत्या. वाजवायला काही नाही, तरी आठवड्यातून एकदा पुसायची.

मी रिटायर झालो त्या वर्षी मुलीचं बाळंतपण होतं. बायको दीड महिना सुरतला गेली. मला घरात काही उद्योग नव्हता. तिला चकित करावं म्हणून मी त्या बेचाळीस कॅसेटी पिशवीत घालून स्टेशन रोडवरच्या मोबाईलवाल्याकडे नेल्या. तो राजस्थानकडच्या व्यापारी घरातला, पन्नाशीचा माणूस, लोकांना मोबाईलच्या कार्डात गाणी भरून देतो. त्याच्याकडे कॅसेटवरून पेनड्राइव्हवर घ्यायची सोय होती. मी त्याला लेखी सूचना दिल्या. तोंडी सांगितलेलं लोक विसरतात हा माझा अनुभव. कागदावर तीन मुद्दे होते. एक, प्रत्येक कॅसेटचा वेगळा फोल्डर करावा. दोन, नंबर तेच ठेवावेत. तीन, मध्ये मध्ये बाईंचा आवाज आहे, तो संपूर्ण काढून टाकावा. तिसऱ्या मुद्द्याखाली मी रेघ मारली होती.

काम झाल्यावर रिकाम्या कॅसेटी घरी कशाला ठेवायच्या. माझा धाकटा भाऊ तापीकाठी आमची शेती करतो. त्याची दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, तेव्हा दाण्यावर आली होती. आमच्याकडे कॅसेटमधली पट्टी उलगडून पिकावरून काठ्यांना ताणून बांधतात. वाऱ्यानं ती थरथरते, उन्हात चमकते, गुणगुणल्यासारखा आवाज करते आणि पाखरं फिरकत नाहीत. भाऊ आला होता, त्याला पिशवी देऊन टाकली. तो खूश झाला. चार दिवसांत घर मोकळं झालं म्हणून मीही खूश होतो.

बायको परत आली. खणाकडे बघून म्हणाली, "कॅसेटी कोठे शेतस?" मी मोठ्या तोऱ्यात पेनड्राइव्ह पुढे केला, टीव्हीला लावून दाखवला. ती पाच-दहा मिनिटं खुर्चीत बसून ऐकत होती. मग उठली. म्हणाली, "चांगलं झायं. जागा झाई." दुसऱ्या दिवशी तिनं त्या खणात स्टीलचे डबे लावले. पेनड्राइव्ह तिनं पुन्हा कधी लावलेला मी पाहिला नाही, पण मी दुपारी झोपतो, तेव्हा लावत असेल असं धरून चाललो. मी स्वतः तो एकदाही ऐकला नव्हता. मला वाटलं, तिला आवडलं.

तर त्या दुपारी मी वाटीतला पेनड्राइव्ह बघत बसलो आणि मला माझ्या कागदावरचा तिसरा मुद्दा आठवला. रेघेसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी गावाला गेलो. मला आशा होती असं म्हणता येणार नाही. काम होतं, करायला हवं होतं. भाऊ गोठ्यात होता. मी विचारलं, त्या कॅसेटींची पट्टी कुठे आहे.

"ती कव्हयनीच गयी, भाऊ," तो म्हणाला. "दोन दादर निंघ्या तिनावर. मंग तुटी गयी, धांड्यांबरोबर जयी गयी." म्हणजे दादरची दोन पिकं राखून ती ज्वारीच्या ताटांबरोबर जळाली होती.

मी म्हणालो, एखादी तरी कॅसेट राहिली असेल, न उलगडलेली. त्यानं मान हलवली. सगळ्या उलगडल्या होत्या, पट्टी कमीच पडली होती. भावजयीनं आतून प्लास्टिकच्या काही डब्या आणल्या. कॅसेटी गेल्या होत्या, डब्या तिनं बियाणाला ठेवल्या होत्या. मेथी, कोथिंबीर, मिरचीचं बी. डब्यांवर बायकोच्या अक्षरातले नंबर अजून होते. नऊ नंबरच्या डबीत भेंडीचं बी होतं, ती मी मागून घेतली.

आम्ही वावरात गेलो. बांधावरच्या बाभळीला हातभर पट्टी अडकलेली दिसली, विरलेली, चमक गेलेली. भाऊ म्हणाला, "वहिनी एक डाव अठे उनी व्हती. पट्टी देखी नि हसनी. म्हने, बरं झायं, आते पाखरं आयकतीन."

"कधी?"

"तुम्ही बँकमा गया व्हतात, ती मन्हासंगे मोटरसायकलवर उनी व्हती. अठेच बांधवर बठनी. बराच टाईम बठनी."

हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मी ती हातभर पट्टी सोडवायला गेलो तर ती हातात तुटली. भाऊ म्हणाला, राहू द्या, काटे लागतील. आम्ही घरी येऊन जेवलो. भावजयीनं भरीत केलं होतं, मी दोनदा घेतलं.

संध्याकाळी नंदुरबारला उतरलो तो सरळ मोबाईलवाल्याकडे. त्याला मी आठवत होतो. कागद आठवत होता. म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखं लिहून कोणीच देत नाही." मी विचारलं, मूळचं, न कापलेलं, कॉम्प्युटरमध्ये कुठे शिल्लक आहे का. त्यानं मान हलवली. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर बदलला, जुन्यातलं सगळं गेलं.

त्याला वाटलं मी कामाची तक्रार घेऊन आलोय. तो घाईघाईनं सांगू लागला, काम अगदी चोख केलं आहे साहेब, स्वतः कानाला लावून बसलो होतो, कुणावर सोडलं नाही. "बाईंचा आवाज आला की तेवढा पुसला. कापला असता तर गाण्याला गाणं चिकटलं असतं, म्हणून तेवढी जागा रिकामी ठेवली. बाकी कशाला हात लावला नाही. तुम्ही लिहिलं होतं तेवढंच केलं."

मी म्हणालो, बरोबर केलंत.

"पहिल्या पंधरा कॅसेटींना फार वेळ लागला. बाई किती बोलायच्या! सोळाव्यापासून काम सोपं झालं. तिथून पुढे बाई बोलल्याच नाहीत."

मी विचारलं, का?

तो हसला. म्हणाला, "ते मला काय माहीत साहेब. तुमच्या घरातलं."

घरी आलो. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, रोजची झोप न घेता मी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. एक नंबरचा फोल्डर. आधी काहीच नाही. टीव्ही बिघडला वाटून मी आवाज वाढवला. मग एकदम गाणं, एवढ्या मोठ्यानं की मी दचकलो. गाणं संपलं आणि पुन्हा काहीच नाही. मग मला कळलं की ही ती जागा. मी घड्याळ बघितलं. वीस सेकंद. पुढच्या गाण्याआधी सव्वा मिनिट. एका ठिकाणी चार मिनिटं. चार मिनिटं तिनं त्या टेपला काय सांगितलं असेल? मी तेव्हा कुठे होतो? बहुतेक खेड्यांत दौऱ्यावर. चार मिनिटं ऐकेल असं घरात तेव्हा कोणी नव्हतं.

मी गाणी ऐकतच नव्हतो. गाणं लागलं की पुढे पळवायचो आणि रिकाम्या जागेवर थांबायचो. तिच्या बोलण्याच्या मध्येमध्ये सुटलेलं काही बाही होतं. कुकरच्या दोन शिट्ट्या. एक कावळा. लांबून ट्रकचा हॉर्न. आणि प्रत्येक वेळी शेवटी, ती बटण दाबायची त्याचा आवाज, खट्. मोबाईलवाल्यानं तो पुसला नव्हता, कारण तो आवाज बाईचा नव्हता. मी त्या खट्ची वाट बघू लागलो. तीन दुपारी मी असाच बसलो. शेजारच्या बाई एकदा डोकावल्या, म्हणाल्या, भाऊ, टीव्ही बंद पडला का? मी म्हणालो, नाही, चालू आहे.

चौथ्या दुपारी पंधरावा फोल्डर उघडला. दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या आधी जागा. तीस सेकंद, चाळीस सेकंद. आणि त्या शांततेत माणसाचा आवाज आला. लांबून, दुसऱ्या खोलीतून, पण स्पष्ट.

"आते तुन्हं बोलनं बंद करशी का? गानं आयकू दे!"

मी तो लगेच ओळखला नाही. मला वाटलं, कोण हा बेकार माणूस. कोणाच्या बायकोवर ओरडतोय.

मग दोन सेकंद काही नाही. ती तिथे काहीतरी म्हणाली असणार, नाहीतर ते दोन सेकंद पुसायची गरज नव्हती. "बरं" म्हणाली असेल. ती "बरं" म्हणायची. नंतर खट्.

पुढचं गाणं सरळ सुरू झालं, मधूनच. त्याच्या आधी जागा नव्हती. त्याच्या पुढच्याच्याही आधी नव्हती. मी सोळावा उघडला, सतरावा उघडला, वीस, तीस, बेचाळीस. एकामागून एक नुसती गाणी, स्वच्छ, मला हवी होती तशी.

हा प्रसंग मला आठवत नाही. मी फार आठवून बघितलं. मोठं भांडण झालं असतं तर आठवलं असतं. तसं काही झालं नव्हतं, मी नेहमीसारखा ओरडलो होतो आणि तिनं नेहमीसारखं "बरं" म्हटलं होतं. एवढ्यावर ती थांबली. मला ते कळलंही नाही. पुढे सगळी वर्षं मी तिच्या कॅसेटींतल्या बडबडीची चेष्टा करत राहिलो, आणि ती बडबड केव्हाच बंद झालेली होती. शेवटी आधीची जेवढी भरलेली होती, तीही मी लिहून देऊन पुसून घेतली.

पंधरावा पुन्हा लावला. मी ओरडलो. दोन सेकंद. खट्. पुन्हा लावला. किती वेळा लावला ते मी मोजलं नाही. कधीतरी माझा शर्ट गळ्याशी ओला झालेला लागला, तेव्हा मला समजलं की मी रडतोय. मला वाईट वाटत होतं, लाज वाटत होती, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा ती गेली आहे असं वाटत होतं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. रविवारी जावई घ्यायला येणार होते, खोकं भरलं का, विचारत होती. मी सांगितलं, भरलं. लग्नाच्या चकत्या, एक रहस्यकथा, भेंडीच्या बियांची एक डबी, पेनड्राइव्ह.

"बस? आनि आईना आवाज? सापडना का कोठे?"

"नही," मी म्हणालो. "मन्हा सापडना."

तिचा नाही, माझा सापडला, म्हणजे काय ते तिला कळलं नाही. ती म्हणाली, तुमचा आवाज बसलाय पप्पा, सर्दी झाली का? मग तिनं फोन नातीकडे दिला. नात बोलू लागली. सकाळी काय खाल्लं, शाळेतल्या बाई कशा ओरडल्या, मांजर कुठे बसली, एकाला एक जोडून, श्वास न घेता. मागून मुलगी तिला म्हणाली, आता पुरे, आजोबा कंटाळले असतील.

"बोलू दे तिला," मी म्हणालो.